वजनाच्या वहीतले शेवटचे चार दिवस

आपा, तुमची वजनाची वही प्राची मागते आहे.

काल कोन गावाहून नर्सिंग कॉलेजच्या पांढऱ्या कपड्यांतच आली. पुढच्या खोलीत सतरंजी अजून पसरलेली आहे, तिच्या कडेला बसून रडली, मग नाक पुसून माझ्याजवळ सरकली. "शोभाताय, आपांची वही मना दे ना. शुक्रवारी वर्गात केस मांडायची हाय. शरीरातलं पानी आन क्षार, हाच विषय हाय. मॅडम हो बोलल्यात." मी म्हणाले, इम्रानभाईंना विचारून देते. तर म्हणाली, "गुरुवारी न्यायला येते. पन बघ ना, कसं अजब हाय. आपांचं वजन शेवटपर्यंत सत्तावन्नच्या आसपास. वाढलंच न्हाय. तरी छातीत पानी भरलं. म्हंजे वजनावर भरवसा ठेवायचा न्हाय, असंच सांगनार मी पोरींना."

तिच्या वर्गात चाळीस मुली आहेत. त्या उद्या वॉर्डात उभ्या राहतील.

आपा, वजन वाढलं होतं. वहीतले शेवटचे चार आकडे खोटे आहेत. अक्षर तुमचं आहे, पण आकडे माझे आहेत. मी सांगितले आणि तुम्ही विश्वासानं लिहिले.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. हे मी कुणाला बोलले नाही. इम्रानभाई पुण्याहून आले आहेत, चाळिसावा होईपर्यंत राहणार आहेत. परवा चहा देताना म्हणाले, "शोभा, तू अम्मीची सेवा केलीस, मी मुलगा असून केली नाही. तुला पाहिजे तेवढे दिवस राहा इथं." मी कपबशी घेऊन आत गेले आणि मोरीत बसून राहिले. सांगितलं तर हे छप्पर जाईल, ते गेलं तर गेलं. पण त्यांच्या डोळ्यांत मी कोण होईन, याची भीती वाटते. नाही सांगितलं तर चाळीस मुली खोटं शिकतील, तेही तुमच्या नावानं. बारा दिवस पाणीसुद्धा नीट गिळवत नाही. ग्लास तोंडाला लावला की वाटतं, हे आत कुठं जाऊन बसेल.

तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तुमच्या ओट्यावर ओकत होते. आठवतं? मे महिना होता. दापोड्याच्या गोडाऊनमध्ये पत्र्याखाली दिवसभर पार्सलं काढायची. किनवटहून चुलतबहिणीबरोबर आले होते, आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. बहीण लग्न करून गेली, मी एकटी उरले. आमच्याकडं शिकवण एकच, ऊन लागलं की पाणी पी. सकाळची भाकरी आंबली म्हणून टाकली आणि नुसतं पाणी पीत राहिले, बाटलीमागून बाटली. दुपारनंतर पोटऱ्यांना असे गोळे आले की उभं राहवेना. सुपरवायझरला मी "आत्या" म्हटलं म्हणे. तो म्हणाला, नाटक आहे. नसीमचाची माझ्याच लाइनवर होती, राहायची तुमच्या शेजारी. तिनं मला रिक्षात घालून तुमच्या दारात आणलं, कारण गल्लीत कुणालाही काही झालं की आधी रिटायर सिस्टरच्या दारात आणायचं, हा तुमच्या गल्लीचा कायदा.

"किती पाणी प्यालीस?"

"लई."

"आणि मीठ?"

"मीठ कोणी पितं व्हय?"

तुम्ही हसलात. मग विचारलंत, आज वार कोणता? मी म्हणाले, "बाजार." तुमचं हसणं तिथंच थांबलं. तो चेहरा मी विसरले नाही, कारण नंतर तो मला पुन्हा एकदा दिसला. चप्पल पायात सरकवत तुम्ही ओरडलात, "नसीम, रिक्षा छोड मत!"

नंतर हॉस्पिटलात कॉटशेजारी बसून तुम्ही समजावलंत. घामातून मीठ गेलं, वरून मी नुसतं पाणी ओतलं, रक्त पातळ झालं. मग पाणी जिथं मीठ जास्त तिथं शिरतं, मेंदूच्या पेशींतसुद्धा. "पेशी फुगते गं, कवटी फुगत नाही. दोन तास उशीर केला असतास ना, तर वार सांगायला तू उरली नसतीस." मला सोडियमचा तो आकडा अजून पाठ आहे, एकशे एकोणीस. असायला हवा होता एकशे पस्तीस ते पंचेचाळीस. घरी न्यायला कोणी आलं नाही तेव्हा तुम्ही म्हणालात, "मागची खोली रिकामी आहे. तू आलीस तर घरात माणसाचा आवाज होईल."

तो आवाज रविवारी खरा व्हायचा. प्राची आणि तिच्या तीन मैत्रिणी पुढच्या खोलीत वह्या पसरून बसायच्या आणि मी दारात चहा घेऊन उभी. कॉलेजात त्यांना हा धडा कळायचा नाही, सगळ्याजणी याच धड्याला घाबरायच्या. तुम्ही मनुका एका वाटीत साध्या पाण्यात टाकायच्या, काकडीच्या चकत्या दुसरीत मिठाच्या पाण्यात. तासाभरानं मनुका टम्म आणि काकडी लुळी. "पुस्तक मिटा. हे बघा आणि सांगा, पाणी कुठून कुठं गेलं?" मग घराची गोष्ट. पोटॅशियम घरात राहतं, सोडियम अंगणात. दारात एक रखवालदार दिवसभर एकाला आत ढकलतो, दुसऱ्याला बाहेर काढतो. तो दमला की घर बुडालं.

प्राचीनं विचारलं, "आपा, रखवालदाराला पगार कोन देतं?"

"तू खातेस ती भाकर देते, बाय माझे."

सगळ्या हसल्या. मग तुम्ही आवाज खाली आणलात. पोटॅशियमचं इंजेक्शन शिरेत सरळ कधी ढकलायचं नाही, सलाईनमध्ये मिसळून, हळू, नजर ठेवून. "घाई केलीत तर हृदय थांबेल. आरडाओरडा होणार नाही. पेशंट तुमच्याकडं बघत असेल, आणि नसेल." त्या दिवशी मला कळलं की माणसाच्या आत मरण इतकं शांत बसलेलं असतं, चिमूटभर इकडं, चिमूटभर तिकडं.

एकदा मी दारातूनच बोलून गेले, आमच्याकडं ओआरएसचं पाकीट एका ग्लासात कालवतात, कडक झालं की लवकर गुण येतो म्हणून. मुली माझ्याकडं बघायला लागल्या. मला वाटलं, रागावणार तुम्ही. तर तुम्ही म्हणालात, "लिहून घ्या. पाकिटावर लिटर छापलंय, तरी घरात असं होतं. ही चूक पुस्तकात सापडणार नाही, ही शोभाकडं सापडते. असं कडक पाणी लेकराला पाजलं तर मीठ त्याच्या पेशींतलं पाणी बाहेर खेचेल." त्या दिवसापासून माझी जागा दारातून आत सतरंजीवर आली. तुमच्या शेवटच्या रविवारपर्यंत ती मोडली नाही.

आणि आपला तो वाद. सतरा नंबरचा फॉर्म. तुम्ही म्हणायच्या, बाहेरून दहावी दे, मग बारावी, मग नर्सिंगचं बघू. मी म्हणायचे, मला इंग्रजी येत नाही. "इंग्रजी प्राचीला तरी कुठं येतं? तुला आकडा दिसतो, शोभे. अर्ध्या नर्सांना दिसत नाही, त्या चार्टमध्ये मनानं भरतात." मी म्हणायचे, बघू पुढच्या वर्षी. तुम्ही म्हणायच्या, "पुढचं वर्ष तुझ्या बापानं राखून ठेवलंय का?" हा वाद अर्धाच राहिला. आकडा मला दिसत होता, आपा. तुमचं म्हणणं खरंच होतं. आता त्या वाक्याची मला लाज वाटते.

तुमचं हृदय कमजोर झालं तेव्हा तुम्ही स्वतःवरही तोच धडा लावलात. दिवसाचं पाणी एका जगमध्ये खुणेपर्यंत, मीठ नावाला, सकाळी लघवी वाढवायची गोळी आणि गोळीआधी वजन. मोतीबिंदूमुळं पायाखालचा काटा दिसायचा नाही, म्हणून मी वाकून आकडा वाचायचे आणि तुम्ही जाड स्केचपेननं वहीत लिहायच्या. मुलींना मुद्दाम दाखवायच्या ती वही. "एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सूज दिसायच्या आधी काटा बोलतो." मला निराळं बजावलं होतं, दोन दिवसांत किलोभर वाढलं तर मला विचारत बसू नकोस, डॉक्टरांना फोन कर.

पण दुसऱ्यांदा हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा इम्रानभाई म्हणाले होते, "अम्मी, पुन्हा अ‍ॅडमिट झालीस तर सरळ पुण्याला. घर बंद." त्यांचंही चूक नव्हतं. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "पुण्यात मी नुसती पेशंट. इथं मी सिस्टर आहे." तेव्हापासून काट्यावर उभं राहताना तुम्ही भिंत धरायच्या आणि मी श्वास धरायचे.

मग तो रविवार. मुली गेल्यावर तुम्ही म्हणालात, "शोभे, सुके बोंबील भाज. एक घास खाईन. तोंडाला चवच नाही राहिली." मी म्हणाले, त्यात मीठ असतं. "मला शिकवतेस?" असं म्हणालात आणि हसलात, आणि ते हसणं बघून किती दिवस झाले होते. तव्यावर बोंबील भाजले, कांदा, लाल मिरची, वर लिंबू. तांदळाच्या दोन भाकरी खाल्ल्यात. बोटं चाटलीत. मी इतकी खूश होते की जगमधलं पाणी खुणेखाली गेलं तेव्हा मीच पुन्हा भरला. मीठ जिकडं, पाणी तिकडं. मला पाठ होतं हे. मनुकांची वाटी कितीदा धुतली होती मी.

सोमवारी काट्यावर अठ्ठावन्न पॉइंट एक. आदल्या दिवशी सत्तावन्न होतं.

"किती?"

"सत्तावन्न तीन."

का म्हणाले? बोंबलांचा दोष माझ्यावर येईल म्हणून. तुम्हाला पुण्याला नेतील म्हणून. मला ही खोली सोडावी लागेल म्हणून. यांतलं पहिलं कोणतं होतं हे मी बारा दिवस शोधते आहे आणि प्रत्येक वेळी निराळं उत्तर येतं. एवढंच खरं की मनात म्हटलं, आज गोळी घेतील, उद्या उतरेल, कुणाला कळणार.

मंगळवारी अठ्ठावन्न सहा. मी म्हणाले सत्तावन्न चार. संध्याकाळी इम्रानभाईंचा फोन आला, वजन कसं आहे? मी म्हणाले, बरोबर आहे. एकदा बोललेला खोटा आकडा दुसऱ्या दिवशी आपला आपण दुसरा आकडा मागतो, हे मला माहीत नव्हतं. मंगळवारी खरं सांगायचं तर सोमवारचंही सांगावं लागलं असतं.

बुधवारी सकाळी तुमच्या पाठीशी तिसरी उशी होती. चपलेचा पट्टा बसेना. बोलताना मध्येच थांबायला लागलात, "शोभे, तो... चहा... जरा कमी." काट्यावर एकोणसाठ दोन. मी म्हणाले सत्तावन्न दोन. मुद्दाम थोडं कमी सांगितलं, खरं वाटावं म्हणून. तुम्ही लिहिलंत. मग पलंगावर बसून सलवार वर केलीत आणि नडगीवर अंगठा दाबलात. खळगा पडला. तो भरायची वाट बघत तुम्ही बसून राहिलात, मीही बघत उभी राहिले. बाहेर कुणाच्या तरी पॉवरलूमची खटखट चालू होती, तेवढाच आवाज. खळगा भरता भरेना. तुम्ही कापड खाली ओढलंत आणि माझ्याकडं बघितलंत, आणि तो चेहरा तोच होता, मी "बाजार" म्हणाले होते तेव्हाचा. मला वाटलं, आता विचारणार. तुम्ही विचारलं नाही. मीही बोलले नाही.

गुरुवारी एकोणसाठ नऊ. सत्तावन्न पाच. मी डबा भरत होते तेव्हा तुम्ही म्हणालात, "आज नाही गेलीस तर?"

"खाडा पडेल, आपा. सुपरवायझर कटकट करतो."

"हां. मग जा, जा."

आमच्या गोडाऊनला फोन गेटवर जमा करावा लागतो. संध्याकाळी हातात आला तेव्हा चौदा मिस्ड कॉल होते. नसीमचाचीची त्या दिवशी सुट्टी होती. ती सांगते, दुपारी तुम्ही दारात येऊन तिला हाक मारलीत, आवाज फुटत नव्हता, ओठांना गुलाबी फेस होता. रिक्षा कल्याण नाक्यावर अडकली. तिथंच. ती म्हणते, शेवटी तुम्ही तिलाच सांगत होतात, "मला आडवी नको करू, बसती ठेव." शेवटचं जे बोललात तेही नर्सिंगच होतं, आपा.

इथवर लिहून मी थांबले होते. आज गुरुवार. प्राची ठरल्याप्रमाणं आली.

इम्रानभाई सतरंजीवर बसून कुणाशी तरी फोनवर बोलत होते. मी वही आणली आणि फोन संपेपर्यंत उभी राहिले. मग मी म्हणाले, "या वहीतले शेवटचे चार आकडे खोटे आहेत. मी वाचले एक आणि आपांना सांगितले दुसरे. वजन वाढत होतं. चार दिवसांत तीन किलो."

प्राचीला आधी कळलंच नाही. मग तिचा चेहरा लाल झाला. "तीन किलो? तीन लिटर पानी गं! एक फोन करता आला न्हाय तुला? आमच्याबरोबर बसून शिकलीस ना तू?"

"हो."

"मंग?"

मी पेन घेऊन आकडे गिरगटायला लागले, तिनं माझा हात धरला. जोरात धरला. "खोडू नको. चार्टमधलं चुकलेलं खोडत न्हायत. एक आडवी रेघ मार, खालचं वाचता आलं पायजे. वर खरं लिही. बाजूला तुझं नाव." बोलता बोलता ती रडायला लागली, पण हात सोडला नाही. तुमच्या जाड अक्षरांवरून मी चार रेघा मारल्या. खरे आकडे आठवावे लागले नाहीत. चार वेळा माझं नाव लिहिलं.

इम्रानभाईंनी फोन बाजूला ठेवला. त्यांनी वही घेतली, मागचं पान उलटलं, पुन्हा पुढं आले. बोट बुधवारच्या आकड्यावर ठेवलं. मला वाटलं, आता घराबाहेर हो म्हणतील. ते फार हळू म्हणाले, "अम्मीला माहीत होतं?"

आपा, तेवढ्यात मला किती मोठं दार दिसलं. हो म्हटलं असतं तर निम्मा भार तुमच्यावर गेला असता. तुम्ही सिस्टर होतात, तुम्हाला कळलं असणार, तुम्हालाच पुण्याला जायचं नव्हतं. कदाचित ते खरंही असेल. आणि तुम्ही आता काही नाही म्हणायला येणार नव्हता.

मी म्हणाले, "त्यांचं मला माहीत नाही. मला माहीत होतं."